पहाटेचा बिगुल: आप्पांची धून नेमकी कोणती?

वालदेवीकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. एक माहिती हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे.

माझे वडील, आप्पा, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. भरती झाल्यावरचं ट्रेनिंग आपल्या नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरलाच झालं आणि १९८९ साली पेन्शन घेऊन आले तेही इथेच, विहितगावला. नोकरीतली काही वर्षं ते रेजिमेंटमध्ये बिगुल वाजवायचे. नंतर तोफेवर गेले, पण नातेवाइकांत ओळख राहिली ती बिगुलवाले म्हणूनच.

श्रावणात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता आधाराने बसतात, ओठ एका बाजूला ओढले गेले होते तेही बरेच सरळ झालेत. समजतं सगळं. नातवाला हाक मारायला जातात, भलताच शब्द येतो, मग डोळे मिटून घेतात. ते डोळे मिटून घेणं माझ्याच्याने बघवत नाही.

गेल्या महिन्यापासून एक नवीन सुरू झालंय. पाचच्या आधीच जागे होतात, डावी मूठ तोंडाशी नेतात आणि ओठ घट्ट मिटून ‘प्र्र, प्र्र’ करतात. पहिले दोन दिवस मला वाटलं तहान लागली असेल, चमच्याने पाणी पाजलं. पाणी प्यायले आणि पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला, आप्पा बिगुल वाजवतायत.

मग ट्रंक उघडली. पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात पदकं, रिबिनी, डिस्चार्ज बुक आणि तळाशी मलमलच्या चिंधीत गुंडाळलेला माउथपीस. हा त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला. वरचा रुपेरी मुलामा सगळीकडे शाबूत आहे, फक्त कडेला, जिथे ओठ टेकायचे तिथे, उडून आतलं पितळ दिसतं. थंडीत हा रात्री उशीखाली असायचा आणि पहाटे मुठीत. “गार पितळेला ओठ लावला की पहिला सूर फाटतो, आणि पहिला सूर फाटला की तीनशे माणसं वाकडी उठतात,” असं म्हणायचे.

तो डाव्या हातात दिला. किती वेळ अंगठा कडेवरून फिरवत बसले होते.

मी मोबाईलवर सकाळचा मिलिटरी बिगुल शोधून लावला. आप्पांनी हात हलवला, नाही. दुसरा लावला, नाही. तिसरा लावला तर तोंड भिंतीकडे केलं. मला तर तिन्ही सारखेच वाटले. त्यांची धून कोणती आणि ती कुठे ऐकायला मिळेल? कुणी फौजी असेल इथे तर कृपा करून सांगा.

भगूरकर | सोमवार, रात्री १०:१५

ताई, धून सांगता येणार नाही, पण ऐकलेली आहे. आमचा मळा दारणेच्या अंगाला. लहानपणी हिवाळ्यात पहाटे बाऱ्यावर जायचो, तेव्हा मोटर चालू करायच्या आधीच्या शांततेत कॅम्पाकडून यायची. तोफांचे आवाज तर आम्हाला रोजचेच, रेंजवर फायरिंग चालू झालं की घरातली भांडी वाजतात. पण बिगुल वेगळा. आई म्हणायची, शिपाई उठले, तुम्ही काय लोळताय.

पावसाळ्यात-उन्हाळ्यात मात्र ऐकल्याचं आठवत नाही. का कोण जाणे. आप्पांना नमस्कार सांगा.

निवृत्त_गोलंदाज | मंगळवार, पहाटे ५:०५

ताई, मीही तोफखान्यातलाच. तुमचे वडील मला सीनियर, त्यांना माझा रामराम.

आप्पा नाही म्हणाले ते बरोबर आहे. मोबाईलवर पहिली येते ती अमेरिकन फौजेची रिव्हॅली, आणि बहुतेक वेळा वरच्या दोन-चार त्याच असतात. आपल्याकडची सगळी कॉल्स, म्हणजे बिगुलाच्या ठरलेल्या धुना, ब्रिटिश घराण्यातली. माणसाने ज्या आवाजाने वीस वर्षं डोळे उघडले तो आवाज त्याला फसवता येत नाही.

रिव्हॅली हा शब्द मूळ फ्रेंच, अर्थ ‘जागे व्हा’. पण ब्रिटिश पद्धतीत सकाळच्या धुना दोन आहेत. एक रिव्हॅली, लांब, सावकाश. दुसरी राउझ, आखूड आणि चपळ. पहिली डोळे उघडायला आणि दुसरी खाटेवरून पाय खाली टाकायला. पुढे रोजच्या वापरात छोटीच उरली आणि तिलाच लोक रिव्हॅली म्हणायला लागले, त्यामुळे गोंधळ होतो. दिवसभर मग बिगुलच घड्याळ. फॉलिनचा, म्हणजे रांगेत उभं राहण्याचा, वेगळा, जेवणाचा वेगळा, गार्डचा वेगळा, संध्याकाळी झेंडा उतरवताना रिट्रीट, रात्री लास्ट पोस्ट आणि लाइट्स आउट. रंगरूट पहिल्या आठवड्यात जेवणाचा बिगुल ओळखायला शिकतो, बाकीचे हळूहळू.

आता तुम्हाला दोन प्रश्न.

एक, आप्पांकडे होता तो बिगुल की ट्रम्पेट? जुन्या रिवाजाप्रमाणे पायदळात बिगुल आणि घोडदळ-तोफखान्यात ट्रम्पेट, कारण तोफा घोडे ओढायचे. दोन्हींच्या धुना वेगळ्या. जुना फोटो असेल तर बघा. बिगुल आखूड, तांब्याचा, कडांना पितळ, नळी भोंग्याकडे रुंद होत जाते, म्हणून आवाज गोल. ट्रम्पेट लांब, सडपातळ, आवाजाला धार.

दोन, आप्पा ‘प्र्र’ करतात ते लांबवून की तुटक तुटक? मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका.

आणि एक विनंती. खात्री झाल्याशिवाय त्यांना अंदाजाने एकेक धून ऐकवत बसू नका. त्यात लास्ट पोस्ट चुकून लागेल.

स्वरवेडी | मंगळवार, सकाळी ११:३०

फौजेतलं काही कळत नाही, पण सुरांचं सांगू शकते.

बिगुलाला ना भोकं, ना पडदे, ना कळा. बोटांना कामच नाही. साधारण साडेचार फूट नळी गुंडाळलेली असते आणि सगळं ओठांच्या ताणावर आणि फुंकेवर. अशा नळीतून मनाला येईल तो सूर निघत नाही, तिचे स्वतःचे ठरलेले सूर निघतात. कॉल्समध्ये त्यांतले पाचच वापरतात: मध्य सा, प, तार सा, त्यावरचा ग आणि त्यावरचा प. रे नाही, म नाही, ध-नी नाहीत. म्हणजे खरे सूर तीनच, सा-ग-प. आपल्याकडे मालश्री याच तीन सुरांवर उभा आहे. तो संध्याकाळचा राग आणि हा पहाटेचा शिपाई, पण सामान एकच, याचं मला फार नवल वाटतं. तीन सुरांत उठवायचं, जेवायला बोलवायचं, आगीची वर्दी द्यायची आणि निरोपही द्यायचा. मग सगळा अर्थ लयीत आणि थांबण्यात येतो.

ताई, पेटी मिळाली तर एक करून बघा. नेहमीचा बिगुल बी-फ्लॅटचा, म्हणजे पेटीवर काळी पाचचा सा. काळी पाच धरून सा-प-सां-गं-पं एवढंच सावकाश वाजवा. कुठलीच धून नको. सूर घरातले वाटले तर आप्पा पुढचं स्वतःच सांगतील.

रुग्णसेवा | मंगळवार, दुपारी २:१०

मी परिचारिका आहे, अर्धांगवायूच्या रुग्णांसोबत बरंच काम केलंय, म्हणून लिहिते. शब्द हरवतात त्याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांत भाषेचं मुख्य काम मेंदूच्या डाव्या भागात चालतं, म्हणून उजवी बाजू लुळी पडते तेव्हा बोलणंही जातं. चाल मात्र पुष्कळदा टिकून राहते, कारण तिच्यात उजव्या भागाचा मोठा वाटा असतो. ‘पाणी’ म्हणता न येणारे आजोबा अख्खी आरती म्हणताना मी पाहिलेत. सुरात घालून शब्द परत आणायची उपचारपद्धतही आहे, तुमच्या वाचातज्ज्ञांना जरूर विचारा.

ऐकवताना तीन गोष्टी सांभाळा. झोपलेले असताना नको, उठवून बसवा. आवाज बारीक ठेवा. आणि ‘आप्पा, ही का? मग ही का?’ अशी परीक्षा घेऊ नका. त्यांना उत्तर देता येत नाही हेच तर त्यांचं दुःख आहे.

सिन्नरकर | मंगळवार, रात्री ८:५०

मी जरा वेगळं लिहितो, ताईंनी गैरसमज करून घेऊ नये.

आमच्या भागात बिगुल म्हटलं की एकच आठवण. गावात तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली होती. शाळेच्या मैदानावर सगळा तालुका लोटला होता. फैरी झाडल्या आणि मग एका जवानाने बिगुल वाजवला. त्या आवाजाने बायाबापड्या तर सोडाच, आमचे पाटीलबाबा, ज्यांना कुणी कधी रडताना पाहिलं नव्हतं, ते खाली बसले. तेव्हापासून टीव्हीवर बिगुल वाजला तरी मी आवाज बंद करतो. आपल्या जिल्ह्यात अशी किती गावं असतील. सकाळी उठवणारा बिगुल असतो हे मला या धाग्यावरच कळलं.

आजारी माणसाला तो आवाज परत ऐकवावा का, मला खरंच शंका वाटते. त्यांचेही सोबती गेले असतील.

निवृत्त_गोलंदाज | बुधवार, पहाटे ५:१०

सिन्नरकर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. रात्रभर तेच डोक्यात होतं.

तुम्ही ऐकली ती लास्ट पोस्ट. ती मुळात मरणाची धून नाही. रात्री अधिकारी पहाऱ्याच्या एकेका चौकीवरून तपासणी करत जायचा. सुरुवातीला फर्स्ट पोस्ट वाजे, शेवटची चौकी झाली की लास्ट पोस्ट. अर्थ एवढाच, की सगळे जागेवर आहेत, पहारा लागला, आता निजा. पुढे तीच धून शेवटच्या निरोपाला वाजू लागली. पहारा संपला, बाबा, आता नीज.

पण मानवंदनेचा विधी तिथे संपत नाही. लास्ट पोस्टनंतर मौन असतं, आणि मौन संपवायला पुन्हा बिगुल वाजतो. ती दुसरी धून राउझ. सकाळची. बराकीत गोधडी ओढून घेणाऱ्या पोरांना उठवणारी तीच ही धून. त्या दिवशी मैदानात बहुधा तीही वाजली असेल, पण लास्ट पोस्टनंतर आपल्याला काही ऐकू येण्याच्या स्थितीत कोण असतं?

मी स्वतः असे तीन विधी जवळून पाहिलेत. लास्ट पोस्टला मी सावधान उभा राहू शकतो. राउझला पाय कापतात, कारण ती वाजली की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठायचा.

म्हणून म्हणतो, ऐकवावी. मात्र सकाळचीच.

भौतिकीचा_मास्तर | बुधवार, सकाळी ७:४५

भगूरकरांचा प्रश्न राहून गेला. हिवाळ्यात निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतोच. ध्वनीचा वेग गार हवेत कमी असतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. त्यामुळे वर जाणारा आवाज वरच्या उबदार थरात वळतो आणि खाली जमिनीकडे परततो. दुपारी उलटं, जमीन तापलेली, आवाज वर निघून जातो. कॅम्पातला बिगुल दारणेकाठच्या मळ्यात पोचायचा तो यामुळे.

गार पितळेबद्दल आप्पा म्हणायचे तेही पक्कं शास्त्र आहे. नळीतली हवा गार असली की सूर उतरतो, आणि ओठ गारठले की थरथरणं आवरत नाही.

देवळाली_कॅम्प | बुधवार, दुपारी १:००

थोडी भर. देवळालीचा कॅम्प १८६१ पासूनचा. मुदत संपलेले गोरे शिपाई मुंबईहून बोटीने मायदेशी जायचे, आणि बोटीची वाट बघत इथे ठेवले जायचे. बोटी ठरावीक मोसमातच, म्हणून कधी कधी महिनोन्महिने मुक्काम. काम नाही, घर दूर, नुसतं उठायचं आणि वाट बघायची. माणसं भ्रमिष्ट व्हायला लागली आणि इंग्रजीत ‘डुलॅली टॅप’ हा शब्द आला. डुलॅली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. त्या लोकांना पहाटेचा बिगुल कसा ऐकू येत असेल, असं लाम रोडवरून चालताना कधी कधी मनात येतं.

वालदेवीकाठ | बुधवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे किती आभार मानू. धागा काढला तेव्हा एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

फोटो सापडला. आप्पा बराकीसमोर उभे, काखेत बिगुल. आखूड आहे, दोन वेढे, अंग काळपट आणि कडा चमकणाऱ्या. म्हणजे बिगुलच, काका.

शेजारच्या भजनी मंडळाची पेटी आणली. सकाळी बसवून, चहा झाल्यावर, काळी पाचवरून सावकाश वाजवलं. सा, प, सां. आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते, त्यांनी मान वळवली. गं. पं. मग मी भाता सोडून दिला. आप्पांनी मूठ तोंडाशी नेली आणि गुणगुणायला लागले, ‘प्र्र’ नाही, आवाज लावून. तुटक तुटक, उड्या मारल्यासारखं, भराभर. मध्ये एका जागी थोडं रेंगाळले, पुन्हा पळाले. अर्ध्या मिनिटाच्या आत संपलं. संपल्यावर माझ्याकडे असे पाहत होते, जणू विचारत होते, उठलीस का?

रेकॉर्ड करायचं राहून गेलं. हात मोकळे नव्हते.

सिन्नरकर दादा, गैरसमज मुळीच नाही. आप्पांच्या तोफेवरचे दोघे गेले, आम्ही त्यांना काका म्हणायचो. तुमची शंका मलाही होतीच. पण त्यांनी स्वतः निवडलेली वेळ पहाटेची आहे, हे मला आता कळतंय.

निवृत्त_गोलंदाज | गुरुवार, पहाटे ५:००

तुटक, चपळ, अर्ध्या मिनिटाच्या आत. राउझ.

ताई, मी कॅम्पातच राहतो. तरुणपणी बँडवाल्यांच्या नादाने थोडं फुंकायला शिकलो होतो, अजून चार-पाच कॉल्स येतात. ओळखीच्या एका बँडवाल्याकडे जुना बिगुल आहे, तो मागून घेतो. तुमची हरकत नसेल तर रविवारी पहाटे येतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

वालदेवीकाठ | गुरुवार, सकाळी ६:३०

या, काका. वाट बघतो.

वालदेवीकाठ | रविवार, सकाळी ११:१५

काका येऊन गेले. जमेल तसं लिहिते.

साडेपाचला आले. मफलर, स्वेटर, पायात पॉलिश केलेले बूट. आप्पांना उठवून खिडकीशी खुर्चीत बसवलं होतं. काकांनी दारातच टाच जुळवून सॅल्यूट केला. आप्पांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून चार बोटं उचलला गेला. डॉक्टर रोज व्यायामात एवढंच करायला सांगतात आणि रोज होत नाही.

काका अंगणात जाऊन उभे राहिले. धुकं होतं, वालदेवीकडून गार वारा येत होता. पहिलाच सूर फाटला. काका थांबले, ओठ चोळले, पुन्हा लावला, पुन्हा फाटला. आत आप्पा अस्वस्थ व्हायला लागले, डावा हात सारखा ट्रंकेकडे करायला लागले. मला वाटलं बंद करा म्हणतायत. तेवढ्यात कळलं. डबा काढून दिला. आप्पांनी चिंधी सोडली, माउथपीस धोतराच्या सोग्याने पुसला, मुठीत घट्ट धरून बसले. आम्ही सगळे नुसते उभे. बऱ्याच वेळाने मूठ उघडून तो काकांपुढे धरला. काकांनी हातात घेतला आणि म्हणाले, “गरम केलाय, साहेब.”

त्याची दांडी त्या बिगुलात सैल बसत होती. काकांनी कॅलेंडरच्या कागदाची बारीक पट्टी गुंडाळून बसवली आणि पुन्हा अंगणात गेले.

या वेळी सूर स्वच्छ निघाला. मी आयुष्यात पहिल्यांदा हे समोरासमोर ऐकलं. मोबाईलमधून येतं ते काहीच नाही. अंगणातल्या पत्र्यावर, भिंतीवर, छातीवर आदळतं. आप्पांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ताल धरत होता. धून संपली आणि त्यांनी मान हलवली, नाही. माझ्या पोटात गोळा आला. मग त्यांनी तोंडाने ती मधली जागा करून दाखवली, जिथे परवा रेंगाळले होते, आणि बोट वर धरून ठेवलं. अजून, अजून, आता सोड.

काकांनी पुन्हा वाजवली, त्या जागेवर आप्पांच्या बोटाकडे बघत. बोट खाली आलं तेव्हाच सोडली.

“हं,” आप्पा म्हणाले. आणि मग, “उठ.” शब्द स्पष्ट होता. कुणाला म्हणाले ते ठाऊक नाही. मुलगा दारात डोळे चोळत उभा होता, कदाचित त्याला.

दिवसभरात दुसरा शब्द आलेला नाही. वाचातज्ज्ञ बाईंना मंगळवारी सगळं सांगणार आहे.

माउथपीस काकांनी पुसून परत दिला, पण आप्पांनी तो डब्यात ठेवू दिला नाही. उशीखाली आहे. काका पुढच्या रविवारी येणार आहेत. समोरच्या काकूंनी विचारलंय, पावणेसहालाच ना, म्हणजे त्या चहा घेऊन येतील.

भगूरकर | रविवार, दुपारी १२:०५

ताई, वारा आमच्या बाजूला असता तर ऐकू आलं असतं. पुढच्या रविवारी मळ्यातच थांबतो, मोटर बंद ठेवून.